कावीळ म्हणायची नाही

दर रविवारी दुपारची जेवणं आटोपली, की टेमघरला राघोच्या घरात मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा करत आणि त्यात केपटाउनहून धम्मदिना दिसे. लेक परदेशात शिकते याचा राघोला मोठा अभिमान; फक्त परदेश जरा चुकला असं त्याला वाटे. लंडन असतं तर सांगायला सोपं पडलं असतं. आणि विषय तर चारचौघांत काढण्यासारखाच नव्हता. एचआयव्हीला आळा घालणं आणि लागण झालेल्या माणसांना समुपदेशन, यातली पदव्युत्तर पदवी. राघो लोकांना सांगे, "डॉक्टरकीतलंच कायतरी हाय." त्याची बायको मंदा त्यातलं 'कायतरी'ही गाळून टाकी.

"मम्मी, काकी कुठंय?"

"हाय ना मागं. बरी हाय. तू जेवलीस का?"

काकी म्हणजे वनिता, राघोच्या धाकट्या भावाची बायको. तिचा नवरा राकेश काल्हेरच्या गोदामांतून माल घेऊन मुलखभर ट्रक चालवायचा. काही वर्षांपूर्वी तो गेला. कशाने गेला ते घरात सगळ्यांना ठाऊक. बाहेर मात्र कावीळ. जाताना तो आपलं दुखणं वनिताला देऊन गेला होता, पण सरकारी दवाखान्यातली गोळी रोज घेऊन ती चांगली कामाला वाघ होती. धम्मदिनाने तो विषय निवडला तोही तिच्याचपायी.

घराने वनिताला टाकलं नव्हतं, एवढं घराच्या बाजूने मांडायलाच हवं. मागची खोली दिली, ताट-पेला निराळा दिला, आणि पाणी द्यायची वेळ आली तर राघो स्वतः तांब्या उंच धरून वरून ओती. हाच राघो दर जयंतीला माईक हातात घेऊन सांगे, की माझ्या बापाने गावात वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायलं. सांगताना त्याचा गळा दर वर्षी त्याच वाक्याला दाटून येई, आणि अगदी खरा दाटून येई. बापाची ओंजळ त्याला दिसायची. हातातला तांब्या कधी दिसला नाही.

अशात धम्मदिनाच्या भावाचं, मिथुनचं, लग्न जमलं. मुलगी उन्नती, शिकलेली, गोड. तिची आई नेमकी त्याच सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर. मंदाने वनिताला मोरीपाशी गाठलं.

"लगीन होईतवर तिकडं फिरकायचं न्हाय."

"ताई, गोळ्या सपत आल्यात."

"चार म्हैन्यांचा तर सवाल. तुला काय धाड भरलीय? माझ्यापरीस तूच ठणठणीत."

"गोळ्यांनीच हाय ती."

"मग पोराचं लगीन मोडू दे? भावजींनी जे करून ठेवलं ते थोडं झालं का?"

मिथुनला तिने कडेवर वाढवला होता. तिने मनातल्या मनात तोलून पाहिलं, एका पारड्यात गोळ्या, दुसऱ्यात मिथुनच्या मुंडावळ्या, आणि बायका नेहमी चुकतात तशीच चुकली.

तिकडे केपटाउनला धम्मदिनाच्या प्रबंधाचा प्रश्नच मुळी असा होता, की माणसं औषध मध्येच का सोडतात. अनोळखी बायकांसमोर बसून ती तासन्‌तास ते विचारी. टेमघरला मात्र रविवारच्या एका "बरी हाय"वर तिचं भागत होतं.

लग्नासाठी ती घरी आली तेव्हा वनिता अंथरुणावर होती. ताप, खोकला, अंगावर नुसती हाडं. क्षयाने तिला आतून पोखरलं होतं. मंदा म्हणाली, "हवा बदलली, म्हणून." धम्मदिनाने वाद घातला नाही. रुग्णवाहिका बोलावली आणि काकीला घेऊन ठाण्याकडे निघाली. कशेळीला ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली.

"काकी, गोळ्यांचं सेंटर बदलून मिळतं. ठाण्याला नाव लावता आलं असतं. मला एक फोन करायचास."

"ताई म्हणायच्या, पोरीच्या डोक्याला ताप नको." वनिताने जरा दम घेतला. "दिने, ह्यांना कावीळ लावली आपण. मला लावू नका. जे झालं ते सांग."

"लोकांत?"

"लोकांतच. चोरून ऱ्हायचा लय कंटाळा आला गं."

ठाण्यात उपचार सुरू झाले, पण शरीरात काही उरलं नव्हतं. आठवडा संपायच्या आत वनिता गेली.

लग्न पुढे ढकललं. वनिताच्या शोकसभेला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, दारात मांडव पडला, होणारे व्याही उन्नतीला घेऊन पुढच्या खुर्च्यांवर बसले. मंदाने लेकीला आत ओढलं.

"तुमच्या शिक्षणातच हाय ना, दुसऱ्याचं गुपित फोडायचं न्हाय म्हणून?"

मंदा शाळेत टिकली असती तर वकील झाली असती.

"गुपित तिचं होतं, मम्मी. तिनेच उघडायला सांगितलंय."

धम्मदिना माईकपाशी गेली. "माझ्या काकीला कावीळ नव्हती, एचआयव्ही होता. पण ती त्यानेही गेली नाही. रोज गोळी घेऊन ती म्हातारी झाली असती. आमच्या घराची अब्रू राहावी म्हणून तिच्या गोळ्या बंद झाल्या. मी परक्या बायकांना विचारत फिरले, तिला विचारलं नाही."

व्याही चपला शोधू लागले. मग कुणाला शिफ्ट आठवली, कुणाला ड्युटी; जेवायला कुणी थांबेना. स्वयंपाक बाहेरच्या आचाऱ्याचा होता, वनिताने त्या पातेल्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं. पण भीती एवढ्या चौकशा करत नाही. मिथुन उन्नतीच्या मागोमाग रस्त्यापर्यंत गेला आणि एकटाच परतला.

राघो रिकाम्या पंगतीत जाऊन बसला.

"वाढ."

"कुणाला?" मंदा म्हणाली. "हाय कोण आता?"

"मला वाढ. दिनालाबी."

भात वाढला. राघोने कालवला, पण घास उचलला नाही. मांडवभर मोकळ्या सतरंज्यांकडे तो बघत राहिला.

"एवढी वर्सं ती आत एकटी कशी जेवली असंल गं?"

"तेव्हा विचारायचं होतं, पप्पा," धम्मदिना म्हणाली. "आपण सगळ्यांनीच."

मंदा आणखी एक ताट घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी खाली बसली. मिथुन मांडवाच्या खांबाला धरून उभाच होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही.