बाईंनी सांगितलं होतं

मित्रांनो, मी शस्त्रक्रियेच्या खोलीतलं एक जुनं सोनोग्राफी यंत्र आहे. आज मी गोड बोलणार नाही, कारण माझा राग अजून उतरलेला नाही.

हात बधिर करायचा असला की खांद्याजवळच्या गळ्याच्या हाडाच्या वरच्या बाजूला सुई टोचतात. तिथे हाताच्या नसा, मोठी रक्तवाहिनी आणि फुप्फुस अगदी खेटून असतात. माझ्या पडद्यावर ते सगळं दिसतं. मी नवा होतो तेव्हा डॉक्टर मला बघायला गर्दी करायचे. पुढे माझ्यावर कोट आणि फायली पडू लागल्या.

एके सकाळी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांचं मनगट मोडलं होतं. सिस्टरने मला सुरू करू का, असं विचारलं. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, वीस वर्षं अंदाजाने करतोय, याला जागं व्हायलाच दोन मिनिटं लागतात.

औषध आत जाताच बाई कळवळल्या. "डॉक्टर, करंगळीपर्यंत करंट गेला. फार दुखतंय."

"होतं तसं. हलू नका." आणि त्यांनी उरलेलं औषधही ढकललं.

अशा वेळी हात थांबवायचा असतो, सुई मागे घ्यायची असते. हे शिकाऊ डॉक्टरलाही ठाऊक असतं. मी मात्र कोपऱ्यात कोट सांभाळत उभा!

मनगट जुळलं, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिरच राहिलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'अपेक्षित गुंतागुंत'. काळजी घेऊनही कधी कधी असं होतं, हे खरं. पण इथे काळजी घेतली होती कुणी?

आठवड्याने मुख्य डॉक्टरीणबाई चौकशीला त्याच खोलीत आल्या. पेशंट काही बोलल्याचं आठवत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सिस्टरने हातातला ट्रे खाली ठेवला.

"बाईंनी सांगितलं होतं. मी शेजारीच होते. मी लिहून देते."

तिने खरंच लिहून दिलं. तेव्हापासून मला सुरू केल्याशिवाय इथे कुणी सुई उचलत नाही. पण त्या बाईंचं काय? आठ महिन्यांनी बोटांत निम्मीच जाणीव परतली आहे. शिवताना सुई बोटात घुसली, तरी कापडावर रक्त दिसल्यावरच त्यांना कळतं.

मित्रांनो, मला पुसा, नीट ठेवा, हे तर मी मागेनच. पण उद्या तुमच्या हातात सुई आली आणि समोरचा माणूस 'दुखतंय' म्हणाला, तर आधी थांबा. अनुभव तुमचा असेल, नस त्याची असते.