जुळणी : चन्नप्पा

"बघा काका, हे बघा!" सिदूनं माऊस उताणा पाडून त्याच्या पोटातली रबरी गोळी काढली होती आणि आतल्या चाकांवरचा काळा मळ तो नखानं खरवडत होता. "एवढा कचरा आसल्यावर बाण थरथरणार न्हाई तर काय करंल?"

"म्हणलो न्हवतो का मी? माऊसच खराब हाय." चन्नप्पाच्या जिवात जीव आला. मांडीखाली दाबून धरलेला उजवा हात मात्र त्यानं बाहेर काढला नाही.

सिदू कॉम्प्युटरवाला. चन्नप्पाच्या मशीनवर नवी विंडोज यानंच टाकून दिली होती. त्यानं गोळी सदऱ्याला पुसली, आत बसवली, माऊस इकडंतिकडं फिरवला. पडद्यावरचा बाण गुमान त्याच्या मागं मागं गेला. "झालं! आता मख्खन हाय," म्हणून तो चहा पिऊन निघून गेला.

चन्नप्पानं दाराकडं एक नजर टाकली आणि माऊसवर हात ठेवला. बाण थरथरायला लागला.

अंबाजोगाईत कोर्टाच्या रस्त्याला चन्नप्पाचं दुकान. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला. तो जुना कारभार साधा होता हो. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि जे काय सांगायचं ते बटणांनी सांगायचं. चन्नप्पाची बोटं बटणांवर अशी चालायची की गिऱ्हाईक बोलायचं थांबलं की कागद तयार. गावातली निम्मी लग्नं या बोटांखालून गेली होती. पत्रिकेच्या तळाशी, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'च्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, मजकूर लावणाऱ्याच्या नावाची एक ओळ असायची : जुळणी : चन्नप्पा. ती कुणी वाचत नसे. चन्नप्पा मात्र प्रत्येक पत्रिकेत आधी तीच बघायचा.

मग ही खिडक्यांची नवी भानगड त्यानं आणली कशाला? कुणी छातीवर बंदूक तर ठेवली नव्हती. आणली लेकीसाठी. रुद्राणीचं लग्न ठरलं होतं. व्याही सुंदरराव लातूरचे, किराण्याचे मोठे व्यापारी. त्यांच्या बाजूच्या पत्रिका वेलबुट्टीच्या, मधोमध गणपती. जुन्या मशीनवर गणपती यायचा तो नुसत्या ठिपक्यांचा, ओळखीचा माणूसही ओळखणार नाही असा. आणि रुद्राणी फ्रॉकात होती तेव्हापासून या काउंटरवर बसून सांगायची, "अप्पा, माझी पत्रिका तुमीच करायची हां. गणपतीवाली." चन्नप्पा म्हणायचा, "मग काय दुसऱ्याच्या हाताला देईन व्हय गं?"

आणि आता हाच हात उलटला होता.

पोळ्याच्या सुमारास सुरू झालं. अंगठा आणि बोट आपोआप एकमेकांवर घासायचे. बघणाऱ्याला वाटायचं, चन्नप्पा तंबाखू मळतोय. जन्मात सुपारीचं खांड न खाल्लेला माणूस! कागद आणायला जातो म्हणून तो लातूरला गेला आणि डॉक्टरला दाखवून आला. डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळ्या घ्या, कमी राहील, पण जाणार नाही. वाढतच जातो. गोळ्यांची बाटली त्यानं दुकानात कागदाच्या गठ्ठ्यामागं ठेवली. बायकोला, जगदेवीला सांगितलं नाही. लग्नघरात असली गोष्ट बाहेर फुटली तर लोक काय काय बोलतील, या धास्तीनं त्यानं तोंड शिवून घेतलं.

हा रोगही असा लबाड, की हात कामाला लावला की शहाण्यासारखा वागायचा. बटणं बडवताना कुणाच्या बापाला कळलं नसतं. रिकामा टेकवला की सुरू. आणि या नव्या विंडोजला तर हात नुसता टेकवूनच ठेवायला हवा होता. उंदीर कसला, चहाडखोर होता मेला! हातातलं सगळं पडद्यावर नेऊन सांगायचा.

पत्रिकेचा मजकूर चन्नप्पानं बटणांनी झरझर लावला. वर 'मन्मथस्वामी प्रसन्न', खाली दोन्ही घरांची नावं. राहिला गणपती. त्याला बाणानं पकडायचा, ओढत आणायचा आणि मधोमध सोडायचा. पकडला की सुटायचा. ओढला की भलतीकडं जायचा. एकदा तर थेट व्याह्यांच्या नावावर जाऊन बसला. सुंदररावांचं नुसतं 'राव' तेवढं सोंडेखालून दिसत होतं. एरवी चन्नप्पा पोट धरून हसला असता.

"तुमचा बाण कावून आसा करायलाय ओ? थंडी भरल्यावानी?" शेजारचा मुद्रांक विकणारा बंकट मागं कधी येऊन उभा राहिला, कळलंच नाही.

"माऊस खराब हाय."

"सिदूनं तर आत्ताच साफ केला की."

"मग वायर ढिल्ली आसंल! तुला काय करायचंय?" चन्नप्पा असा खेकसला की बंकट गपगार निघून गेला. संध्याकाळी चन्नप्पानं सिदूकडून नवा कोरा माऊस आणला. त्यानंही चहाडीच केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुद्राणी डबा घेऊन आली. "अजून न्हाई झाली पत्रिका? आईनं लई डोकं खाल्लंय माझं. छापायला कवा द्यायची?"

"ह्यो माऊस बघ ना माय. दोन माऊस झाले, दोन्ही भिकार."

"सरका, बघू." ती खुर्चीवर टेकली. तिनं माऊसवर हात ठेवला आणि बाण जागच्या जागी उभा राहिला. तिनं गणपती पकडला, मधोमध आणला, सोडला. "चांगला तर हाय की अप्पा! घ्या."

आता नाही कसं म्हणायचं? चन्नप्पानं हात ठेवला. बाण गणपतीभोवती थरथरत राहिला. रुद्राणी हसली. "आवो, घट्ट नका धरू. हात सैल सोडा."

त्यानं सैल सोडला. बाण आणखीच थरथरला.

तिचं हसू ओठावरच राहिलं. पडद्यावरून तिची नजर हळूहळू खाली उतरली, टेबलावर आली, बापाच्या हातावर थांबली. चन्नप्पानं हात ओढून घेतला आणि मांडीखाली घातला. लहान पोरानं चोरी लपवावी तसा.

"अप्पा... कवापासून?"

"पोळ्यापासून."

"दवाखान्यात?"

"लातूरला गेलतो. कंपवात म्हणालेत. औषध चालू हाय."

"आईला ठाऊक हाय?"

"न्हाई. आन् तू बी बोलायचं न्हाई. लग्न होईस्तोवर कुणालाच न्हाई."

"मग लग्नच नको मला. तुमचं हे आसं, आन् मी निघून जाऊ व्हय? दुकान कोण बघंल?"

"येडी हायस का गं? लोक काय म्हणतील?" तो ओरडायला गेला, पण आवाज मधेच फाटला. "मला दुकानाचं काय न्हाई, रुद्रा. मला फकस्त तुझी पत्रिका माझ्या हातानं करायची होती. एवढ्यासाठी ही नवी भानगड आणली मी. आन् तेवढंच हूईना झालंय बघ."

रुद्राणी ढसाढसा रडली. चन्नप्पा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. फिरता असला की हात शहाणा असायचा.

मग तोच म्हणाला, "बस. तू कर. मी सांगतो."

नवरीनं आपल्याच लग्नाची पत्रिका लावायची, असं त्या दुकानात कधी घडलं नव्हतं. तो मागं उभा राहून सांगत होता, "वेल खाली घे जरा. हां. तुझं नाव मोठं कर. आणखी. आसू दे, लाजती कशाला." तो सांगेल तसं ती करत होती. बाण सरळ जात होता, सरळ येत होता. पत्रिका देखणी झाली. व्याह्यांच्या पत्रिकेपेक्षा काकणभर सरसच.

शेवटी तिनं तळाशी, न विचारता, मुंगीएवढी ओळ टाकली : जुळणी : चन्नप्पा.

चन्नप्पानं ती वाचली. मग पुढं वाकून त्यानं कीबोर्ड आपल्याकडं ओढला. बटणांवर त्याची बोटं जराही थरथरली नाहीत. एकेक अक्षर त्यानं मागं मागं घेतलं, ओळ कोरी होईपर्यंत.

"आसं कावून अप्पा?"

"जी केली न्हाई तिच्यावर नाव कसं घालू?"

पत्रिका गावभर गेली. लोकांनी नावाजली.

लग्न लावणाऱ्या जंगमस्वामींनी सांगितलं तसा चन्नप्पानं लेकीचा हात जावयाच्या हातात दिला. तेव्हा मात्र त्याचा हात मनगटापासून थडथडत होता, सगळ्या मांडवासमोर. सुंदररावांनी डोळे पुसले. "बापाचा हात हाय, कापणारच," म्हणाले. बायकांनी पदर तोंडाला लावले. जगदेवीही रडत रडत म्हणाली, "लेकीत लई जीव हाय हो त्यांचा." रुद्राणीनं आपला दुसरा हात बापाच्या हातावर ठेवला आणि दाबून धरला. स्वामींनी दोनदा सांगितलं तरी तिनं तो सोडला नाही.

पाठवणीनंतर चन्नप्पानं दुकान उघडलं. बंकट वाटच बघत होता. पुतण्याचं लग्न ठरलं होतं त्याच्या. रुद्राणीची घडी घातलेली पत्रिका त्यानं खिशातून काढली. "आमाला बी डिट्टो अशीच पायजे. गणपती आसाच. तुमचा हात लई साफ बसलाय ओ ह्या नव्या मशीनवर."

 चन्नप्पानं मशीन चालू केलं. पडदा उजळला आणि बाण मधोमध येऊन उभा राहिला. शांत, सरळ.

"करा सुरू," बंकट म्हणाला.

"करू की. बस जरा." चन्नप्पानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. माऊसला हात लावला नाही तोवर बाण हलणार नव्हता. चन्नप्पा त्या बाणाकडं बघत बसून राहिला.