रामेनचे डोहाळे

पद्मिनीबाईंनी पहिलं अंडं सांडशीत धरलं आणि ते सांडशीतच फुटलं. हात लावायचा नाही म्हणून तर सांडशी घेतली होती. आता मागच्या अंगणातल्या फरशीवर पिवळं-पांढरं पसरलं आणि थोडं त्यांच्या पायावरही उडालं. त्या एका पायावर उभ्या राहिल्या.

"अहो, ऐकलं का? बाल्टीभर पाणी आणा!"

रामकृष्णराव पाणी घेऊन आले. रेल्वेत गार्ड होते, उभी हयात मालगाडीच्या शेपटाला बसून काढलेली. निवृत्त झाल्यापासून घरातल्या कुठल्याही अपघाताच्या जागी ते असेच सावकाश पोहोचत. त्यांनी फरशी पाहिली, बायकोचा पाय पाहिला आणि हसू मिशीत दाबलं.

"सांडशीनं काहून धरलं? पापड हाय का तो?"

"मग हातानं धरू? मी या घरात आल्यापासून अंडं आलं नाही इथं."

"ते आज आलं. सुनेसाठीच आणलं ना? मग चालते."

सुनेसाठीच आणलं होतं. दुसऱ्या कोणासाठी पद्मिनीबाईंनी अंड्याचं नावही ऐकून घेतलं नसतं. देवश्री लग्न होऊन अकोल्याहून शेजारच्या राज्यात, बूढापाऱ्यातल्या या घरात आली त्याला दोन वर्षं झाली होती. नव्या राजधानीतल्या एका ऑफिसात तिची नोकरी. सकाळी डबा घेऊन बस पकडायची आणि संध्याकाळी हसतमुखाने परत यायची. तक्रार म्हणून नाही. भाजी कोणती करू विचारलं तर "काहीही चालेल, आई." दिवाळीला साडीचा रंग विचारला तर "तुम्हाले आवडेल तो." पद्मिनीबाईंच्या बहिणीची सून साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं भांडायची, आणि बहीण फोनवर रडायची. पद्मिनीबाई तिची समजूत घालायच्या आणि फोन ठेवल्यावर त्यांना तिचा हेवा वाटायचा. भांडायला माणूस घरचं असावं लागतं. ही पोरगी पाहुण्यासारखी राहत होती, आणि पाहुणा एक दिवस बॅग उचलून जातो, ही धास्ती त्यांना आतून खात होती.

तेवढ्यात देवश्रीला दिवस गेले. आता तरी काहीतरी मागेल, म्हणून पद्मिनीबाई रोज विचारत, "काय खावंसं वाटते?" आणि ती म्हणे, "काहीच नाही, आई."

पण एका संध्याकाळी मुलगा, विशाल, स्वयंपाकघरात आला, दार लोटून घेतलं आणि कानाशी लागला.

"आई, तिले मोमो खावेसे वाटून राह्यले. लाजते ती. मी सांगितलं म्हणून सांगू नको."

पद्मिनीबाईंनी जन्मात न पाहिलेले मोमो केले आणि बशी विशालच्या हाती खोलीत पाठवली. बशी चाटूनपुसून परत आली. मग चीज घातलेले पराठे गेले, चॉकलेटचा केक गेला, मलाई कोफ्ता दोनदा गेला. सगळ्या बशा रिकाम्या. पद्मिनीबाई त्या स्वतः घासायच्या, मोलकरणीला देत नसत. मध्ये श्रावण लागला तसे डोहाळे थांबले आणि पोळा झाल्याबरोबर पुन्हा सुरू झाले. सुनेचे डोहाळे श्रावण पाळतात, हे खरं तर तेव्हाच खटकायला हवं होतं. पण रिकाम्या बशा पाहून कोणाला काही खटकत नाही.

पोळ्यानंतरचा डोहाळा होता रामेन. विशालने मोबाईलवर व्हिडिओ लावून दाखवला. खोलगट वाडग्यात रस्सा, रश्श्यात लांबलचक शेवया आणि त्यावर नाना प्रकार रांगोळीसारखे मांडलेले.

"शेवया पाकिटात भेटतात, आई. खरी गंमत वरच्या टॉपिंगमध्ये हाय."

हे त्यांना लगेच पटलं. पोह्यांवर शेव, शेवेवर कांदा आणि त्यावर तर्री. वरून काय पडतं यावरच जेवणाचा निकाल लागतो, हे नागपूरकडच्या बाईला जपानने शिकवायची गरज नव्हती.

"वरून शेव टाकू ना मग? बारीक?"

"रामेन हाय, आई. पोहे नाही."

"अन् सांभार?"

कोथिंबिरीला त्यांच्याकडे सांभार म्हणत, आणि सांभार नाही तर जेवण नागडं, असं त्यांचं मत होतं. विशालने ते निमूटपणे फेटाळलं आणि पुढचं सांगू लागला. व्हिडिओतल्या गुलाबी चकत्या मांसाच्या होत्या. त्यांच्या जागी पनीर घ्यायचं ठरलं. बांबूचे कोवळे कोंब हवे होते. ते मात्र दारातच मिळाले. अभनपूरकडून टोपली घेऊन येणाऱ्या गोदूबाईने पोतं बाजूला करून खालून करील काढून दिलं. पांढरे-पिवळे, आंबूस वासाचे ते तुकडे म्हणजे तेच कोंब.

"बहू बर हे का, दीदी? त पुटू घलो ले जा."

सुनेसाठी म्हटल्यावर पद्मिनीबाईंनी पुटूही घेतले. रानातल्या त्या आळंब्यांचा भाव ऐकून एरवी त्या दार लावून घेत. करील रात्रभर पाण्यात ठेवलं, दोनदा उकळलं, कडूपणा गेला तेव्हा तिळाच्या तेलात परतलं. भुट्ट्याचे दाणे सोलून लोण्यात घोळवले. लाल भाजीची कोवळी पानं नुसती गरम पाण्यातून काढली. सदर बाजारातून सोया सॉसची बाटली आणली आणि त्यात चिमूटभर गूळ टाकून पनीर मुरत ठेवलं. गूळ कुठल्याच व्हिडिओत नव्हता, पण बिनगुळाचं त्यांना सुचतच नसे. समुद्राच्या शेवाळाचे कागद विशालने ऑनलाइन मागवले. रामकृष्णरावांनी एक कागद उजेडात धरला.

"हा तर कार्बन पेपर हाय."

"शेवाळ हाय, बाबा. सुकवलेलं."

"शेवाळासाठी जपानपर्यंत काहून गेला रे? बूढा तलाव काय वाईट हाय?"

हे सगळं झालं आणि मग राहिलं अंडं. व्हिडिओतल्या अंड्याचं पांढरं घट्ट होतं आणि पिवळं आत मधासारखं वाहत होतं. अंड्याशिवाय रामेन होतच नाही, म्हणून विशालने तीन पिशव्यांत गुंडाळून अंडी आणली आणि स्वतः दोस्ताकडे निघून गेला. स्वयंपाकघरात ती शिरणार नव्हती. मागच्या अंगणात जुना स्टोव्ह निघाला, कान तुटलेलं पातेलं निघालं आणि पहिलं अंडं फुटलं.

फरशी धुऊन झाल्यावर रामकृष्णरावांनी बाही वर सारली.

"सरक. पाणी आधी खदखदू दे. थंड्या पाण्यात टाकलं का बिघडते."

पद्मिनीबाई सरकल्या. त्यांनी पाहिलं, नवऱ्याने एकेक अंडं चमच्यावर घेऊन अलगद पाण्यात सोडलं, जसं काही तान्ह्या पोराला न्हाऊ घालतो आहे. एकालाही तडा गेला नाही.

"आता एक विडी संपस्तोवर थांबायचं. विडी संपली का काढायचं अन् थंड्या पाण्यात टाकायचं. आतलं पिवळं बरोबर पातळ राह्यते."

पद्मिनीबाई स्टोव्हपासून नवऱ्याकडे वळल्या.

"हे तुम्हाले कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. लाइनवर राहावं लागते. रनिंग रूममध्ये मुक्काम... तिथं दुसरं काय भेटते?"

"अन् विडी?"

रामकृष्णरावांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. तिथून काही मदत मिळेना.

"विडी फक्त मोजायसाठी होती," ते म्हणाले.

एरवी या वाक्यावर घरात आठवडाभर अबोला राहिला असता. पण त्या दिवशी पद्मिनीबाईंना भांडायला सवड नव्हती. अंडी सोलून झाली, त्यांची गोरी अंगं सोया सॉसमध्ये बुडवून ठेवली, आणि त्यातलं एक दोऱ्याने कापून पाहिलं तर पिवळं खरंच मधासारखं ओघळलं. त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यात राग किती आणि कौतुक किती हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी विशाल ट्रे घेऊनच स्वयंपाकघरात आला.

"दे, मी खोलीतच नेतो."

"शेवया फुगतील. टॉपिंग तिथल्या तिथं मांडावं लागते, तूच दाखवलं. बोलाव तिले टेबलवर."

"तिले बरं नाही वाटून राह्यलं..."

"गरम गरम खाल्लं का वाटंल."

देवश्री आली. टेबलावर सात वाट्या मांडलेल्या होत्या. पद्मिनीबाईंनी तिच्यासमोर वाडगा ठेवला, रस्सा ओतला, शेवया सोडल्या आणि मग एकेक वस्तू स्वतःच्या हाताने लावू लागल्या. एका कडेला करील, त्याच्या शेजारी पुटू, मग दाणे, लाल भाजी, पनीर. कार्बन पेपर उभा खोचला. शेवटी अंडं, कापलेली बाजू वर. कोणाचं लक्ष नाही पाहून वर थोडा सांभारही भुरभुरला. मग त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि सुनेच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

देवश्रीने वाडग्याकडे पाहिलं, मग विशालकडे. विशाल वाडग्याकडे बघत होता, आणि त्याची मान नकळत पुढे आली होती. तिने चमचा उचलला. एक घोट घेतला. दुसरा घ्यायला गेली आणि करीलाच्या वासाबरोबर तिचा चेहरा उतरला. चमचा तिने परत ठेवला.

"आई, मले नाही खाववत हे."

"काहून? तुलेच तर पाहिजे होतं."

"मी मागितलं नव्हतं."

"अन् मोमो?"

"मोमो नाही. केक नाही. कोफ्ता बी नाही. मी एक घास खाऊन पाहत होती फक्त, तुम्हाले वाईट वाटू नये म्हणून. बाकी सगळं यानं खाल्लं."

सगळे विशालकडे वळले. रामकृष्णरावांनी पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मध्यावर थांबले.

"तरीच म्हटलं," ते म्हणाले, "पोट याचंच जास्त दिसून राह्यलं."

"आई, मजाक मजाक में हो गया," विशाल हिंदीत शिरला. अडचणीत आला की तो हिंदीतच शिरायचा.

पद्मिनीबाईंनी त्याच्यावरून नजर काढली. रात्रभर पाण्यात ठेवलेलं करील, घरात पहिल्यांदा आलेलं अंडं, प्रेमाने घासलेल्या बशा, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. रडू यायला लागलं होतं. पण त्यांना दुसरंही काही दिसत होतं. देवश्री रागावली होती. कपाळावर आठी होती, नाक लाल झालं होतं. या घरात ती कधी अशी दिसली नव्हती.

"मग तुले काय पाहिजे, ते तू सांग," त्या म्हणाल्या. "हा काही नाही सांगणार. तू सांग."

देवश्री बोटाने टेबलाची कड खरवडत राहिली.

"सांगू?"

"सांग ना, बाई."

"मिक्सर."

"कोणता मिक्सर? नवा?"

"नवा नाही. तुम्ही माह्या डब्यासाठी रोज पहाटेच चटणी वाटता. आमच्या पलंगाची भिंत तिकडंच हाय. डोक्यात घुसते तो आवाज. मले खायचं काहीच नको, आई. झोप पाहिजे. मस्त झोप."

पद्मिनीबाईंचा हात पदराकडे गेला आणि तिथंच राहिला. ताजी चटणी, रोजची, सुनेसाठी. एकही दिवस चुकवली नव्हती.

"लग्न झाल्यापासून?"

"लग्न झाल्यापासून."

"अन् बोलली काहून नाही?"

"तुम्ही एवढ्या मायेनं करता, कसं बोलू?"

"आज मग कशी बोलली?"

"आज भूक लागली हाय," देवश्री म्हणाली, "अन् लय राग येऊन राह्यला."

असं म्हणून तिने भुट्ट्याच्या दाण्यांची वाटी पुढे ओढली आणि बोटांनी खायला लागली. कोणाला विचारलं नाही. पद्मिनीबाईंना वाईट वाटलं होतं, चांगलंच झोंबलं होतं. तरी त्या उठल्या, लोणी घेऊन आल्या आणि वाटीत टाकलं. विशालने वाडग्याकडे हात नेला तेव्हा त्यांनी वाडगाच उचलून रामकृष्णरावांसमोर ठेवला.

"तुम्ही खा. तुम्हाले सवय हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या वेळी त्यांना जाग आली. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी भिजवलेली डाळ निथळली, मिक्सरचं भांडं बसवलं आणि बटणापाशी हात थांबवला. भांडं पुन्हा काढून ठेवलं. डब्यात लोणचं भरलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून त्या पाटावर नुसत्या बसून राहिल्या. भिंतीपलीकडे अगदी शांत होतं, आणि ती शांतता त्या कान देऊन ऐकत होत्या.

तेवढ्यात रामकृष्णराव उठले. रोजच्याप्रमाणे बेसिनपाशी गेले, तोंडात पाणी घेतलं, मान मागे टाकली आणि सारी गल्ली जागी होईल अशी पहिली गुळणी सुरू केली. पद्मिनीबाई चवड्यांवर धावत आल्या आणि त्यांचा दंड धरला.

"हळू ना! पोट्टी झोपली हाय माही."

रामकृष्णरावांनी गाल फुगवलेल्या अवस्थेत बायकोकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं आणि तोंडातलं पाणी मुकाट्याने गिळून टाकलं.