सार्जंटची उशी

क्लॅरीने व्हरांड्यातला मेलेला तुआन फावड्यावर घेतला आणि केरिनपुढे धरला.

"बघ. अंगावर ओरखडासुद्धा नाही. आणि शेजारचं मांजर तर गेल्या वर्षीच गेलं."

केरिन दर जुलैत शिडी घेऊन येई आणि निलगिरीच्या झाडांवर टांगलेल्या लाकडी पेट्यांत किती तुआन राहतात ते मोजी. तुआन म्हणजे खारीएवढा जीव, शेपटी बाटली घासायच्या ब्रशसारखी, पण खाणं शिकारीचं.

"मांजर कशाला लागतंय, काका? माद्यांच्या मागे धावून धावून खंगतात हे. हंगाम संपला की नर सगळे मरतात. आता माद्या एकट्याच मऊ काहीबाही गोळा करतायत, पिल्लांसाठी."

"सगळे मरतात?"

"एकही उरत नाही. वर्षाचेसुद्धा होत नाहीत बिचारे."

क्लॅरीने फावडं खाली ठेवलं. गेल्या जुलैत असेच तीन सापडले, तेव्हा तो लॉर्नाच्या फाटकाशी उभा राहून ओरडला होता. तुझा हा सार्जंट बोका रानातले जीव संपवणार, मी नगरपालिकेत तक्रार करतो. लॉर्ना तीस वर्षांपासूनची शेजारीण. म्हाताऱ्या बोक्याला दुसरं घर कोण देणार? आठ दिवसांनी तिनेच त्याला डॉक्टरकडे नेलं आणि शेवटची सुई देववली. तेव्हापासून कुंपणावरून साधं 'काय रे' नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता. क्लॅरीला स्वतःची लाज वाटली.

त्याने तुआन बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि शेजारचं फाटक उघडलं. लॉर्ना पायरीवर बसून उंदराचा सापळा पुसत होती. त्याने डबा तिच्यापुढे ठेवला आणि केरिनचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

लॉर्नाने झाकण उघडलं, बघितलं, लावलं.

"दात नव्हते सार्जंटला. दूधपाव खायचा. सांगितलं होतं मी तुला."

"ऐकलं नाही मी."

"नाही ऐकलंस."

ती पुन्हा सापळा पुसू लागली. क्लॅरीला जायचं सुचेना. व्हरांड्याच्या कोपऱ्यात सार्जंटची उशी अजून तशीच होती, तांबूस केसांनी माखलेली. एका बाजूला मात्र तिला चांगलं टक्कल पडलं होतं.

"ते काय झालं?"

"उंदीर. रोज येऊन केस उपटून नेतो मेला. सार्जंटचे तेवढेच उरलेत. आज लावतेच सापळा."

"नको लावू," क्लॅरी म्हणाला. "उंदीर नाही तो. तुआनची मादी असेल. पिल्लांना अंथरूण करतेय."

लॉर्ना उशीकडे बघत राहिली. तिने सापळ्याची कमान हळूच मिटली आणि तो पायरीखाली सरकवला.

"हा डबा घेऊन जा. तुझ्या अंगणात पूर त्याला," ती म्हणाली. "चहाला ये कधीतरी. आज नाही."

"बरं."

फाटकाची कडी लावताना त्याने मागे पाहिलं. लॉर्ना आतून सार्जंटचा कंगवा घेऊन आली होती. दातांत अडकलेले तांबूस केस ती बोटांनी सोडवत होती आणि एकेक पुंजका उशीवर ठेवत होती.