टेबलाखालची बादली

माझं सातूचं दही एक नंबर आहे, हे आधीच सांगून टाकते. सातू मऊ शिजवायचे, गार करून दुधात घोटायचे, मग विरजण लावायचं. शाळेच्या प्रकल्पासाठी सुरू केलं आणि प्रयोग झाला बाबांवर. त्यांना मधुमेह आहे. डावा डोळा अधू झालाय. साखर उतरली नाही तर उजवाही जाईल, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले.

"हे दही रोज द्या, पण गोळ्यांच्या जोडीला. त्यांच्याऐवजी नाही," त्यांनी मला बजावलं. मी दोन्हींवर पहारा ठेवला.

दोन महिने झाले तरी साखर हलेना.

"बाहेर गोडधोड खाता का हो?" आईने विचारलं.

"तुझी शपथ, कणभरसुद्धा नाही."

"मग हिच्या दह्यातच खोट आहे."

"माझ्या दह्याला नावं ठेवायची नाहीत हं!" मी उसळले. पण वहीत लिहिलेले साखरेचे आकडे बघून मलाही शंका यायला लागली होती.

शनिवारी बाबा गोळी घरीच विसरले. ती घेऊन मी डेअरीत पोचले. बाबा तिथे विरजण लावतात आणि दह्याची चव बघतात; ते काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मान हलवल्याशिवाय एकही टाकी पुढे जात नाही.

मी दारात थांबले तेव्हा ते नुकतीच सुरुवात करत होते. टेबलावर चाळीस वाट्या. फळांचं दही, मधाचं, साखरेचं. बाबांनी चमचा भरला, डोळे मिटले, गिळलं. "आंबटपणा कमी आहे." दुसरी वाटी. गिळलं. टेबलाखाली एक स्टीलची बादली होती, कोरडी ठणठणीत.

"ती कशाला?" मी टाकीवाल्या काकांना हळूच विचारलं.

"चव घेऊन थुंकायला. सगळे थुंकतात. तुझे बाबा सोडून! बावीस वर्षांत एक थेंब नाही. म्हणतात, मी लावलेलं विरजण, मीच कसं थुंकू?"

मी वाट्या मोजायला लागले. बारा वाट्या झाल्या. तेरावा चमचा भरला तशी मी आत गेले.

"बाबा."

"अरे, डॉक्टरीणबाई! तू इथे कशी?"

"तुम्ही आईची शपथ घेतली होतीत."

"मग? खाल्लं कुठे मी? हे काम आहे, बाळा." त्यांना खरंच कळत नव्हतं.

"ते तुमच्या रक्ताला कोण सांगणार?"

बाबा चमच्याकडे बघत राहिले. मी वाकून बादली ओढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले. मग माझ्यापासून तोंड वळवून, चोरी केल्यासारखे, ते बादलीत थुंकले. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"मध जास्त झालाय," ते म्हणाले.

सत्तावीस वाट्या उरल्या होत्या. मी बादली खाली ठेवली नाही.