अकराशे सत्तर अंश

पडदा उघडायला तास उरला होता आणि फिरत्या रंगमंचावर, पलंगाशेजारी ठेवलेला दिवा मिणमिणू लागला होता. नाटकाचा सारा शेवट त्या एका दिव्यावर तोललेला. आजारी म्हातारा तो स्वतःच्या हाताने मालवतो आणि पडदा पडतो. आधीच विझलेला दिवा त्याने मालवायचा कसा? थोरल्या बाईंचा पारा चढला. नवऱ्यामागे ही नाटक मंडळी त्यांनी एकहाती सांभाळली होती. पहिल्याच प्रयोगाला झालेली फजिती त्यांना खपणारी नव्हती.

त्या वाकून मंचाखाली डोकावल्या. जमिनीतून वर आलेली दिव्याची वायर मधल्या खांबाला वेढे घालून बसली होती आणि उरलेला तुकडा ताणून काठीसारखा ताठ झाला होता.

"जावईबापू, जरा इकडे या."

जावई कॉलेजात गणित शिकवत. मंचाला मोटर त्यांनीच बसवली होती. यंत्रावर अंशांचा आकडा दाबला की मंच त्या कोनावर जाऊन थांबे.

"यंत्र काय दाखवतंय?"

"अकराशे सत्तर."

"आणि खोलीचा देखावा कितीवर असतो?"

"नव्वदवर. पण ते एकच आहे, आई. एक फेरा तीनशे साठ अंशांचा. अकराशे सत्तरातून एक फेरा वजा केला की आठशे दहा. आणखी एक वजा, चारशे पन्नास. आणखी एक, नव्वद. हे सगळे कोन एकाच जागी संपतात."

"कोन संपत असतील. इथे वायर संपत आली आहे, त्याचं काय?"

जावयांनी चष्मा काढून पुसला. वर्गात उत्तर सुचले नाही की ते हेच करीत असावेत, असा बाईंचा जुना संशय होता.

"दिवसभर तालीम चालली होती," ते म्हणाले. "रस्त्याचा देखावा दोनशे सत्तरवर. तिथून पुन्हा खोली हवी, तर नव्वदात एक फेरा मिळवून चारशे पन्नास. मग रस्ता सहाशे तीसवर. असं करत करत..."

"असं करत करत वेढे पडले. दोनशे सत्तरवरून सरळ नव्वदवर मागे यायला काय झालं होतं?"

रंगभूषा करून पलंगावर आडवे झालेले धाकटे दीर, तेच म्हाताऱ्याची भूमिका करीत, डोळे न उघडता म्हणाले, "वहिनी, मंच उलटा फिरवायचा नाही, हा कायदा कोणाचा?"

कायदा बाईंचाच होता. माणसे मंच ढकलत त्या काळी खाली एक लाकडी खिटी असे, आणि मंच उलटा गेला की ती मोडे. मोटर आली, खिटी गेली, कायदा मात्र बाईंच्या धाकाने टिकून राहिला. जावयांनी मोटर बसवतानाच त्याविषयी विचारले होते, तेव्हा 'आमच्याकडे मंच मागे जात नाही' असे त्यांना चारचौघांत सुनावण्यात आले होते.

"मग तोंड उघडायचं होतंत," बाई म्हणाल्या.

"उघडलं होतं, आई."

"मोठ्याने उघडायचं होतंत." बाई ताठ उभ्या राहिल्या. "कायदा माझा, तेव्हा मोडीनही मीच. मंच खऱ्या नव्वदवर आणा. आणि प्रयोगात रस्त्यासाठी पुढे, खोलीसाठी मागे. समजलं?"

"रस्त्यासाठी वजा नव्वदसुद्धा चालेल. त्यात तीनशे साठ मिळवले की दोनशे सत्तरच..."

"जावईबापू, आकडा दाबा."

मंच कुरकुरत उलटा फिरू लागला. खोली गेली, रस्ता आला, रस्ता गेला, खोली आली. दीर पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून होते. तीन फेरे पुरे झाले तेव्हा वायर सैल पडली होती आणि दिवा निमूटपणे जळत होता.

"नव्वद," जावई म्हणाले. "बघा, मंच होता तिथेच आहे."

दीर सावकाश उठून बसले. "वहिनी, मीही होतो तिथेच आहे ना?"

"तिथेच आहात, भाऊजी."

"मग हे कोणीतरी माझ्या पोटाला समजावून सांगा."

"आजाऱ्याचं काम आहे, शोभून दिसेल," बाई म्हणाल्या. "पडून राहा. आणि दिवा मालवेपर्यंत काही ओकू नका."