आक्कांची सावली आणि कोरडे महाराज

त्या सकाळी ड्रायरसमोर एवढी गर्दी होती की माझ्या वजनकाट्यापर्यंत पोचायला मला चारजणांचे पाय तुडवावे लागले. लगदा गाळणारे, गोणी शिवणाऱ्या बाया, बॉयलरवाला, झाडून सगळे हजर. मधोमध पंख्याखाली स्टुलावर बसले होते कोरडे महाराज. खरं नाव देव जाणे. ओल्या वस्तू मंत्राने सुकवतात म्हणून लोकांनीच हे नाव ठेवलेलं.

आमचा रंगाचा कारखाना. पाण्यात तयार झालेला रंग गाळला की चिखलासारखा लगदा उरतो. तो ट्रेमध्ये पसरायचा, खोलीएवढ्या ड्रायरमध्ये गरम हवेवर सुकवायचा आणि मग दळायचा. पण गेले पंधरा दिवस लगदा सुकायचं नाव घेत नव्हता. चक्कीत ओले गोळे अडकत होते आणि मालकांचं डोकं तापलं होतं. ते कुठूनसे या महाराजांना घेऊन आले.

महाराजांनी ड्रायरला एक फेरी मारली आणि बोट रोखलं ते थेट आक्कांवर. आक्का अठरा वर्षं ड्रायर सांभाळतात. नवरा गेला तेव्हापासून घर त्यांच्याच पगारावर चालतं, मुलगी अजून शिकतेय.

"दोष यंत्रात नाही," महाराज म्हणाले. "या बाईच्या सावलीत ओल आहे. जिच्या डोळ्यांतलं पाणी आटलं नाही, तिच्या सावलीत काय डोंबल सुकणार?"

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. आक्का रडतात त्या फक्त कांदा चिरताना. "महाराज, ड्रायरची काच आतून सारखी घामेजते, तेवढं जरा बघा," त्या शांतपणे म्हणाल्या.

"तू रडतेस, म्हणून काच रडते," महाराज म्हणाले, आणि बाया हळहळल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मालकांनी सांगून टाकलं, शनिवारपासून आक्कांनी घरी बसायचं. त्या दिवसापासून चहाच्या वेळी आक्कांच्या बाकावर कुणी बसेना. आठ दिवसांपूर्वी त्यांच्याच डब्यातलं लोणचं मागून खाणाऱ्या बाया त्यांची सावली चुकवून चालायला लागल्या. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू.

मग महाराजांनी चमत्कार दाखवला. ताटलीत सुक्या रंगाची चिमूटभर पूड घेतली, आपल्या लोट्यातलं तीर्थ घालून तिचा चिखल केला, बोटाने पातळ पसरला आणि वर तळवा धरला. "हे जला, मूळ ठिकाणी चालता हो. अग्नी मात्र कुणी जवळ आणू नका, जलदेव बिथरतो." आसमंतात अत्तराचा असा घमघमाट की नाक बधिर व्हावं. चार-पाच मिनिटांत चिखलाची पूड झाली. लोकांचे हात आपोआप जोडले गेले.

मी पुढे होऊन ताटलीला हात लावला. थंडगार.

"तपाच्या उष्णतेने सुकलं ना? मग ताटली गार कशी?"

"शीतल कृपा, बाळा."

माझं वय त्रेपन्न.

दुपारी आक्का माझ्या काट्यापाशी आल्या. मी गार ताटलीचं सांगितलं. त्यांनी घडीभर विचार केला आणि म्हणाल्या, "भाऊ, इंजेक्शनच्या आधी नर्स कापूस फिरवते, तेव्हा दंड कसा गार पडतो?"

मी कपाळावर हात मारला. एवढी वर्षं काटा सांभाळतोय, आणि हे मला सुचू नये.

शनिवारी आक्कांना निरोप द्यायला सगळे जमले. आक्का पदर खोचून पुढे आल्या. "जाते मी. पण जाताना डोळे भरून चमत्कार बघू द्या. दोन ताटल्या करू. एकीत नळाचं पाणी, ती महाराजांकडे. एकीत महाराजांचं तीर्थ, ती माझ्या सावलीत."

"नळाचं पाणी अपवित्र," महाराज घाईघाईने म्हणाले.

"आमचा लगदा नळाच्याच पाण्याचा असतो, महाराज," बॉयलरवाला म्हणाला. मालकांनी मान डोलावली. आता महाराज मागे कसे फिरणार?

दोन्ही ताटल्या त्याच पंख्याखाली ठेवल्या. महाराज मंत्र म्हणत होते, घाम पुसत होते, पुन्हा मंत्र म्हणत होते. आक्का आपल्या ताटलीवर नुसत्या वाकून उभ्या राहिल्या, सावली नीट पडेल अशा. पाच मिनिटांनी महाराजांच्या ताटलीत चिखल तसाच होता. आक्कांच्या सावलीत कोरडी पूड.

"अगं बाई," गोणीवाली म्हणाली, "सावली तर चांगली सुकवते की."

मी काट्यावरून ओरडूनच सांगितलं, "लोट्यात स्पिरिट आहे. पाण्याच्या कितीतरी आधी उडून जातं, उडताना ताटली गार करतं. वास लपवायला अत्तर, आणि पेटू नये म्हणून जलदेवाची भीती."

महाराजांनी लोटा उचलला आणि योग नाही, योग नाही असं पुटपुटत ते दाराकडे निघाले. "बॉयलरवरून जाऊ नका," बॉयलरवाला मागून म्हणाला, "भडका उडेल."

सगळे हसले. मालक मात्र हिरमुसले. "ते ठीक, पण ड्रायर का सुकवत नाही?"

"पंधरा दिवस तेच सांगतेय," आक्का म्हणाल्या. "काच घामेजते म्हणजे लगद्यातलं पाणी वाफ होऊन सुटतंय, पण खोलीबाहेर जात नाही. वाफ सोडणाऱ्या वरच्या नळीची झडप कुणी बंद केली?"

मालकांचे कान लाल झाले.

"मीच बंद केली," ते खालच्या आवाजात म्हणाले. "एवढी गरम हवा फुकट बाहेर जात होती. म्हटलं, इंधन वाचेल."

"मालक, कपडे बंद पेटीत घालून पेटी उन्हात ठेवली तर सुकतील का?"

शिडी लावली, झडप उघडली. भसकन वाफ बाहेर पडली आणि तासाभरात काच स्वच्छ झाली. दुसऱ्या दिवशी मी ट्रे काट्यावर ठेवले, तर लगदा खडखडीत कोरडा.

मालकांनी सर्वांसमोर आक्कांची माफी मागितली, हे मात्र मान्य करायला हवं. चहाच्या वेळी गोणीवाल्या बाया बाकाशी येऊन घुटमळल्या.

"बसा," आक्का सरकत म्हणाल्या. "पण एक सांगा. एवढे दिवस माझी सावली बघितलीत, तुमच्यातल्या एकीने तरी मान वर करून झडप बघितली का?"

हा प्रश्न मलाही लागू होता. मी रोज ओले ट्रे तोलत होतो, आकडे लिहीत होतो, पण मानही वर केली नाही आणि आक्कांना एका शब्दाने विचारलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, काही बिघडलं तर माणसात खोट शोधायला जाऊ नका. वाफ कुठे अडलीये ते बघा, आणि जो रोज ते यंत्र सांभाळतो त्याला आधी विचारा.